कॅडमियम जिथं नव्हतं

उभ्या विमानाच्या पंखाखाली वाकून पाहिलं की चाकांच्या वर एक चकचकीत दांडा दिसतो. वीतभर उघडा, आरशासारखा गुळगुळीत, वर जाऊन एका जाड राखाडी नळकांड्यात शिरलेला. नळकांडं म्हणजे शॉक स्ट्रटचा बाहेरचा सिलिंडर, दांडा म्हणजे त्याचा पिस्टन. आत हायड्रॉलिक तेल आणि त्याच्या डोक्यावर दाबाखालचा नायट्रोजन. साठ-सत्तर टनांचं विमान जमिनीला टेकतं तेव्हाचा धक्का या जोडीनं गिळायचा. प्रवाशाला त्यातला फक्त एक ‘धप्प’ आवाज पोचतो, आणि तो तेवढ्यात मोबाइल चालू करायला लागलेला असतो.

विमानात सगळ्यात जास्त ताण सोसणारं पोलाद इथं असतं. सगळ्यात लहान तड्याला तुटणारं पोलादही इथंच. या दोन गोष्टी एकाच धातूत नांदतात हीच लँडिंग गियर, म्हणजे विमानाचे हे चाकांचे पाय, तपासणाऱ्यांची खरी अडचण आहे.

या कामातल्या पोलादांपैकी सगळ्यात परिचित नाव ३००एम. ४३४० हे निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमचं जुनं पोलाद, त्यात सुमारे १.६ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर व्हॅनेडियम घातलं की ३००एम होतं. त्याची ताकद १९०० ते २१०० मेगापास्कल. घराच्या स्लॅबमध्ये आपण जी एफई ५०० सळई घालतो तिनं किमान ५४५ मेगापास्कल सोसावेत अशी अपेक्षा असते. म्हणजे हे त्याच्या साडेतीन-चार पट. पण पोलाद जितकं कडक करावं तितका त्याचा चिवटपणा जातो, आणि चिवटपणा म्हणजे तडा पडल्यावरही न तुटता तग धरण्याची कुवत. ३००एममध्ये ती फारशी उरत नाही.

किती उरते ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे. चिवटपणाचा आकडा ६० धरा (मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ असं त्याचं चमत्कारिक एकक). जोराच्या लँडिंगला एखाद्या कोपऱ्यात १००० मेगापास्कल ताण येतो असं धरा, आणि तिथं पृष्ठभागावर नखाच्या कोरीसारखा अर्धवर्तुळाकार तडा आहे असं समजा. भाग तुटायला तडा किती खोल लागेल? उत्तर येतं दोन मिलिमीटरांच्या किंचित वर. ताण ८०० वर आणला तर साडेतीन. दोन मिलिमीटर खोल तडा वरून चार-साडेचार मिलिमीटर लांब दिसणार, म्हणजे आंबेमोहोराच्या दाण्यापेक्षाही आखूड. विमानाच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्यात वीतभर तडा गेला तरी शेजारच्या फासळ्या भार उचलतात आणि पुढच्या तपासणीपर्यंत वेळ मिळतो. स्ट्रटला शेजारी नसतो.

आता गंमत अशी की हाच दाण्याएवढा तडा शोधण्याची आपली साधनंही जवळपास त्याच मापाशी येऊन थांबतात. अंधाऱ्या खोलीत, स्वच्छ केलेल्या भागावर, चांगल्या तपासनिसाला अर्ध्या मिलिमीटरचा तडाही कधीकधी सापडतो. पण ‘कधीकधी सापडलेला सगळ्यात लहान तडा’ हा आकडा कामाचा नाही. कामाचा आकडा उलटा: ‘नजरेतून सुटू शकणारा सगळ्यात मोठा तडा’. शंभरातले नव्वद तडे सापडतीलच असं पंच्याण्णव टक्के खात्रीनं म्हणता येईल, असं माप या धंद्यात मानतात, आणि ते सहज काही मिलिमीटरांवर जातं. म्हणजे भरवशानं सापडणारा तडा आणि भाग तोडणारा तडा यांच्यात अंतर फारसं राहत नाही. पत्र्यासाठी वापरतात ती ‘तडा वाढू द्या, पण वेळेत पकडा’ ही रीत इथं लंगडी पडते.

म्हणून लँडिंग गियरची गणना वेगळ्या वहीत होते. नियम तिथं ‘सेफ लाइफ’ची, म्हणजे ठरावीक आयुष्याची, मुभा देतात. आख्खा गियर चाचणीच्या सांगाड्यात बसवून हायड्रॉलिक जॅकनी हजारो लँडिंगचे भार त्याच्यावर पुन्हापुन्हा चढवतात. तो जितकी लँडिंग निभावेल त्याला तीन ते पाचच्या घरातल्या एखाद्या अंकानं भागतात, कारण एकाच साच्यातल्या दोन भागांचंही थकव्याचं आयुष्य कितीतरी पट वेगळं निघू शकतं. भागाकारातून येईल ते आयुष्य. ते संपलं की भाग कितीही तुकतुकीत दिसो, भंगारात. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या भागाचा जन्मापासूनचा लँडिंगचा हिशेब लागतो: कोणत्या विमानाखाली, कधी बसवला, कधी काढला, मधे किती लँडिंग झाली. गियर विमानासोबत जन्मभर राहत नाही. ओव्हरहॉलला, म्हणजे पूर्ण सुटं करून तपासायला-दुरुस्त करायला, एक जोडी जाते, दुसरी येते, आणि तीस वर्षांत एकच पिन चार देश फिरून येते. मधल्या दोन वर्षांचे कागद नसतील तर उत्तम पोलादाची पिनही कवडीमोल ठरते. बाहेरच्या माणसाला हे खुळेपण वाटतं.

धातूचा थकवा म्हणजे काय हे रेल्वेनं विमानांच्या फार आधी शिकून ठेवलं होतं. १८४२ साली पॅरिसजवळ इंजिनाचा आस तुटून मोठा अपघात झाला. पुढच्या दशकांत जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेचे आस वर्षानुवर्षं फिरवून दाखवलं की एका दमात सहज सोसेल असा ताण लाखो वेळा दिला तर पोलाद तुटतं. गियरवर मात्र ताण येतो त्याचा ढंग निराळा. चाकं टेकतात तेव्हा ती फिरत नसतात. धावपट्टी त्यांना क्षणात ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरच्या वेगानं फिरायला लावते. त्या ओढीनं आख्खा स्ट्रट मागे वाकतो, आणि चाकांनी वेग घेतला की धनुष्यासारखा पुढे उसळतो. मग ब्रेक: पुन्हा ओढ. मग टॅक्सीवेवरची वळणं, आणि सगळ्यात शेवटी टो-ट्रॅक्टरनं घाईत दिलेला काटकोनी वळसा, ज्यात चार चाकं जोडणाऱ्या सांगाड्याला, म्हणजे बोगीला, पीळ बसतो. नियमांनुसार गियर सेकंदाला ३.०५ मीटर वेगानं खाली येणाऱ्या विमानाला पुरला पाहिजे. रोजचं लँडिंग बहुधा एक मीटरच्या आतलं असतं. त्यामुळे थकव्याचा हिशेब करताना खरी डोकेदुखी जोराच्या एका आदळण्याची नसते. ती झाली तर नोंद होते, विमानातल्या यंत्रात आकडा सापडतो आणि तपासणीही होते. त्या काटकोनी वळशाची मात्र कुणी नोंद करत नाही.

एवढं असूनही निव्वळ थकव्यानं, म्हणजे हिशेबात धरलेल्या लँडिंगमुळे, गियर तुटल्याची उदाहरणं थोडी आहेत. चाचणीत गियर निभावतो तो नवाकोरा, कोरड्या शेडमधला, रंग आणि प्लेटिंग (पोलादावर चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ थर) शाबूत असलेला. धावपट्टीवरचा गियर पावसाच्या पाण्यात, ब्रेकच्या धुळीत, बर्फ वितळवायच्या रसायनांत आणि मुंबईसारख्या ठिकाणी समुद्राच्या खाऱ्या हवेत उभा असतो. तडा बहुतेक वेळा लागतो तो गंजाच्या खळग्यातून. अर्ध्या मिलिमीटरचाही नसलेला हा खळगा थकव्याचं पहिलं, सगळ्यात लांबलेलं प्रकरणच खाऊन टाकतो. निरोगी पृष्ठभागावर तडा जन्मायलाच आयुष्याचा मोठा हिस्सा जातो. खळग्यापाशी तो जवळजवळ जन्मलेलाच असतो.

म्हणून ओव्हरहॉलची मुदत दोन घड्याळांवर चालते. छोट्या-मध्यम जेट विमानांत ती साधारण दहा वर्षं किंवा वीस हजारांच्या आसपास लँडिंग, जे आधी भरेल ते. लँडिंगचं घड्याळ थकव्यासाठी, कॅलेंडर गंजासाठी. ‘थकवा’ हा शब्द इथं थोडा फसवतो, कारण उभं राहणं ही गियरसाठी विश्रांती नसते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणं थांबली आणि तिची काही विमानं मुंबईत पावसाळ्यामागून पावसाळे उभी राहिली. २०२० मध्ये तर जगभरातली हजारो विमानं तशी उभी होती. लँडिंगचा आकडा तिथं गोठला. दुसरं घड्याळ चालूच होतं.

या दोन घड्याळांमधली फट कशी दिसते ते २८ ऑक्टोबर २०१६ रोजी फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेल विमानतळावर दिसलं. फेडेक्सचं एमडी-१०-१०एफ हे मालवाहू विमान मेम्फिसहून आलं, व्यवस्थित टेकलं, आणि धावपट्टीवर धावत असतानाच त्याचा डावा मुख्य गियर कोसळला. इंजिन आणि पंख जमिनीला घासले, आग लागली. दोघे वैमानिक बाहेर पडले. वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीनं तुटलेला सिलिंडर तपासला तेव्हा थकव्याचा तडा एका गंजाच्या खळग्यापाशी सुरू झालेला आढळला. हा खळगा होता नायट्रोजन भरायच्या व्हॉल्व्हसाठी सिलिंडरच्या भिंतीत पाडलेल्या भोकात. त्या जागी गंजापासून संरक्षणासाठी कॅडमियम या धातूचा थर असायला हवा होता. तो नव्हता, आणि का नव्हता याचं उत्तर हाती आलेल्या पुराव्यांतून मिळालं नाही. कंपनीची ओव्हरहॉलची मुदत नऊ वर्षांची होती, विमान बनवणाऱ्यांची शिफारस आठची. तडा तुटण्याच्या आत सापडेल हे दाखवण्याएवढी माहिती आणि विश्लेषण हाताशी नसताना मुदत वाढवली, हे एनटीएसबीनं अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं.

हा अहवाल वाचताना नजर त्या भोकावर अडकते. ताणाखालच्या पत्र्यात गोल भोक पाडलं तर त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे किर्श यांनी १८९८ सालीच गणितानं दाखवलं होतं. त्या तिपटीच्या कडेला आणखी एक खळगा पडला की ताणाला चढायला दुसरी पायरी मिळते. वर व्हॉल्व्ह बसलेला. बाहेरून काही दिसायची सोय नाही. रोज विमानाभोवती फिरणाऱ्या तंत्रज्ञाला तिथं फक्त व्हॉल्व्हची टोपी दिसते, आणि ती ठीकच असते.

कॅडमियम पोलादाच्या आधी स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं, म्हणून ते चढवायचं. थर जेमतेम तेरा ते वीस मायक्रॉनचा. पण चढवण्याच्या रीतीतच दुसरा धोका आहे. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, त्यातला काही पोलादात शिरतो, आणि एवढं कडक पोलाद हायड्रोजन मुरला की काचेसारखं वागायला लागतं. तेही लगेच नाही. भोकात घट्ट ठोकलेल्या बुशिंगचा (धातूच्या आखूड नळीचा) ताण अंगावर घेऊन भाग रॅकवर पडून असतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी आपला आपण तडकतो. म्हणून या पोलादांसाठी चकाकी आणणारी रसायनं वगळलेलं, सच्छिद्र कॅडमियम चढवतात. प्लेटिंग झाल्यावर बहुतेक शॉप चार तासांच्या आत भाग भट्टीत टाकतात आणि १९० अंश सेल्सिअसला किमान तेवीस तास भाजतात. चकचकीत थर बंदिस्त असतो, हायड्रोजन बाहेर पडत नाही. मळकट दिसणाऱ्या सच्छिद्र थरातून तो निघून जातो. चांगलं कॅडमियम दिसायला काही खास नसतं. त्याला उष्णतेचंही वावडं आहे: सुमारे २३० अंशांच्या वर गेलं की कॅडमियम स्वतःच पोलादाच्या कणांच्या सीमांत घुसून त्याला ठिसूळ करतं. उड्डाण ऐन वेळी रद्द करून ब्रेक लालबुंद झाले की आसाजवळच्या भागांची तपासणी सांगतात, ती यामुळेही.

ओव्हरहॉल शॉपमध्ये गियर येतो तो ग्रीसनं माखलेला. दीड-दोन महिन्यांचं काम. सुटं करणं, धुणं, रंग काढणं, मग प्लेटिंग काढणं: कॅडमियम अमोनियम नायट्रेटच्या द्रावणात विरघळतं, क्रोम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत उलटा करंट देऊन उतरवतात. रंग घाईनं काढायला वाळूचा किंवा मण्यांचा जोरदार मारा करायचा मोह होतो. तिथंच पहिली चूक होते. मऊ धातूंत मारा तड्याचं तोंड लिंपून टाकतो, मग तडा दाखवायला लावतात तो फ्लोरोसंट (चमकणारा) द्रव आत शिरत नाही आणि तडा असून नसल्यासारखा होतो. अॅल्युमिनियम-टायटॅनियमच्या भागांवर अशी घासाघीस झाली असेल तर आधी हलकं आम्ल लावून पुसलेला थर काढावा लागतो, मगच तपासणी.

पोलादासाठी हुकमाचा एक्का म्हणजे मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी. कल्पना साधी आहे. भागात चुंबकत्व भरा. तडा आडवा आला की चुंबकीय रेषा तिथून हवेत उसळतात. वरून ओतलेल्या द्रवातले लोहकण त्या जागी गोळा होतात. कणांना फ्लोरोसंट लेप असल्यामुळे काळ्या, म्हणजे अतिनील, प्रकाशात हिरवट-पिवळी रेघ चमकते. साधी कल्पना म्हणून काम साधं, असं मात्र नाही.

दिशेपासून सुरुवात होते. भागातून लांबीच्या दिशेनं करंट सोडला तर चुंबकीय क्षेत्र गोलाकार फिरतं आणि उभे, लांबीतले तडे दाखवतं. पण स्ट्रट वाकतो, आणि वाकण्यानं येणारा थकव्याचा तडा आडवा असतो. तो या क्षेत्राला समांतर पडतो आणि दिसत नाही. त्यासाठी भाग कॉइलमध्ये घालून लांबीच्या दिशेचं क्षेत्र द्यावं लागतं. म्हणून प्रत्येक भाग किमान दोन वेळा, एकमेकांना काटकोनात. भोकांच्या आतल्या बाजूला तांब्याचा दांडा आरपार घालून त्यातून करंट सोडतात. व्यासाच्या दर मिलिमीटरला साधारण १२ ते ३२ अँपिअर हा ढोबळ हिशेब; दोनशे मिलिमीटरच्या सिलिंडरला २४०० ते ६४०० अँपिअर. पण आडव्यातिडव्या आकाराच्या भागात हा हिशेब कोपऱ्याकोपऱ्यात बदलतो, म्हणून बारीक खाचा कोरलेली पातळ पत्र्याची चकती पृष्ठभागावर चिकटवून बघतात: खाच उमटली तर तिथवर क्षेत्र पोचलं. करंट देताना टोकदार प्रॉड भागावर दाबायची पद्धत दुसरीकडे चालत असेल, इथं ती बाद. ठिणगी उडाली तर त्या टिकलीएवढ्या जागेचं पोलाद वितळून पुन्हा कडक होतं, आणि तपासणीनंच तड्याला जागा करून दिली असं होतं.

मग टायमिंग. ओतलेला द्रव भागावरून ओघळत असतानाच करंटचा झटका द्यायचा, साधारण अर्धा सेकंद, बहुधा दोनदा. आणि वरून ओतायची धार झटक्याच्या क्षणी थांबलेली हवी. धार चालू राहिली तर जमलेले कण तीच धुऊन नेते. शिकाऊ हातांकडून सर्वाधिक होणारी ही चूक, आणि तिचा मागमूस राहत नाही: भाग स्वच्छ दिसतो, शिक्का बसतो. द्रवातल्या कणांचं प्रमाणही रोज पाहायचं. शंभर मिलिलिटरच्या नासपतीच्या आकाराच्या नळीत द्रव ठेवून तळाला किती कण बसतात ते मोजायचं. फ्लोरोसंट कणांसाठी ०.१ ते ०.४ मिलिलिटर. कमी असेल तर रेघ उमटत नाही, जास्त असेल तर सगळी पार्श्वभूमीच हिरवी होते आणि रेघ त्यात हरवते.

खोली अंधारी म्हणजे खरोखर अंधारी: वीस लक्सच्या आत. काळा प्रकाश ३६५ नॅनोमीटरचा, दिव्यापासून ३८ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला किमान १००० मायक्रोवॅट. तपासनिसानं आत गेल्यावर किमान एक मिनिट डोळे अंधाराला सरावू द्यायचे. पांढरा शर्ट घालायचा नाही, कारण धुण्याच्या पावडरमधलं पांढरेपणा वाढवणारं रसायन काळ्या प्रकाशात स्वतःच चमकतं. काच काळी होणारा चष्मा तर मुळीच नाही. जवळच्या नजरेची परीक्षा दरवर्षी. एवढं जमवून बसल्यावर समोर रेघ दिसते, आणि ती बहुधा तडा नसते. आटे, जाडी बदलते तो खांदा, दोन चुंबकित भाग एकमेकांना घासल्याचा ओरखडा, सगळेच कण गोळा करतात. रेघ पुसायची, भाग विचुंबकित करायचा, पुन्हा सगळं करायचं. त्याच जागी, तशीच धारदार उमटली तर भिंग घ्यायचं. ही पुसून पुन्हा करण्याची पायरीच शिफ्ट संपत आली की गळते. शेवटी चुंबकत्व तीन गॉसच्या आत उतरवायचं. नाही तर भाग पुढच्या दहा वर्षांत लोखंडाचा कीस ओढून बेअरिंगमध्ये नेत बसतो.

हे सगळं झाल्यावर वाटावं की पोलादाचा आता सात-बारा निघाला. पण दोषाची एक जात अशी आहे की ती तडा नसते आणि मॅग्नेटिक तपासणीत उमटत नाही: घासताना लागलेली आच. पिस्टनवर ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर क्रोम चढवून ते ग्राइंडिंगनं मापात आणतात. दगड बोथट असला, कूलंट कमी पडलं किंवा कारागिरानं एका फेरीत जास्त काप घेतला, तर क्रोमच्या खालचं पोलाद टिकलीएवढ्या जागेत तापून निवतं आणि ठिसूळ होतं. वर क्रोम आरशासारखं. त्या जागी तडा यायला मग कधी हजार लँडिंग लागतात, कधी ओव्हरहॉलच्या मुदतीच्या जवळपास पोचेपर्यंत काहीच होत नाही.

क्रोम उतरवल्यावर ही आच पकडायला जुनी रीत आहे, नायटल एच, म्हणजे पृष्ठभाग आम्लानं किंचित खाऊन रंग बघणं. भाग तेलमुक्त करून पातळ नायट्रिक आम्लात काही सेकंद, पाण्यात धुवून पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात, पुन्हा पाणी, आम्ल मारायला अल्कली, वाळवून तेल. निरोगी पोलाद एकसारखं राखाडी दिसतं. जास्त तापून मऊ पडलेली जागा गडद काळी. आणि पुन्हा कडक झालेली जागा पांढरी, भोवती काळं कडं. काळ्या कड्यातला पांढरा ठिपका दिसला की शॉपमध्ये सगळे गप्प होतात, कारण तो काढायला धातू काढावा लागतो आणि काढता येईल एवढा धातू शिल्लक आहे का हे मॅन्युअल बघूनच कळतं. आम्ल लावलं म्हणजे हायड्रोजनही आलाच. भाग पुन्हा भट्टीत. क्रोम न काढता आच शोधायची असेल तर बार्कहाउसन आवाजाची पद्धत आहे: चुंबकीय क्षेत्र बदलताना पोलादातले सूक्ष्म चुंबकीय पट्टे अडखळत सरकतात, ती कुरकुर प्रोबनं ऐकायची. जळालेल्या जागी कुरकुर बहुधा वाढते. पण माप तुलनेचं आहे. निरोगी नमुना कोणता धरला यावर निकाल अवलंबून.

क्रोम मुळात थकव्याचा मित्र नाहीच. त्यात जन्मजात सूक्ष्म भेगा असतात. म्हणून क्रोमच्या आधी पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा नेमका मारा करतात, शॉट पीनिंग. प्रत्येक छरा सूक्ष्म खोलगट ठोसा देतो, पृष्ठभाग दाबात राहतो, आणि दाबातल्या धातूत तडा उघडत नाही. मारा बरोबर झाला का हे पातळ पोलादी पट्टी त्याच माऱ्यात ठेवून ती किती वाकली यावरून ठरवतात. नव्या विमानांत बरीचशी क्रोमची जागा टंगस्टन कार्बाइडच्या फवाऱ्यानं घेतली आहे. टाकी नाही, म्हणून टाकीतला हायड्रोजनही नाही. मोठ्या बोगीच्या तुळईसाठी बोइंग ७७७ मध्ये टायटॅनियम आलं, तिथं गंजाचा प्रश्न जवळपास मिटला. तिथं चुंबक चालत नाही. फ्लोरोसंट द्रव लावून किमान दहा मिनिटं मुरू द्यायचा, हलक्या पाण्यानं वरचा काढायचा, पावडर उडवायची. पाणी जोरात मारलं तर तड्यातला द्रवही निघून जातो, कमी मारलं तर सगळंच चमकतं.

प्रत्येक ओव्हरहॉल गियरमधून थोडा धातू घेऊन जातं, हे फार कमी बोललं जातं. खळगा सापडला की तो बुजवत नाहीत. भोवतालचा धातू सपाट उताराने कापून काढतात, पुन्हा मॅग्नेटिक तपासणी, पीनिंग, प्लेटिंग. भोकात गंज असेल तर भोक मोठं करून मोठ्या मापाचं बुशिंग. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते, शतांश मिलिमीटरांत. पहिल्या ओव्हरहॉलला उदार हातानं कापलेला धातू दुसऱ्याला परत मिळत नाही. चांगला मशिनिस्ट म्हणून खळगा जाईपर्यंतच कापतो, बघतो, पुन्हा थोडं कापतो. घाई असलेला एकदाच मर्यादेपर्यंत जातो आणि काम लवकर संपवतो.

हँगरमध्ये, दोन ओव्हरहॉलांच्या मधल्या वर्षांत, तडा सापडण्याची शक्यता थोडीच. पण तड्याच्या आधीची चिन्हं दिसतात, आणि ती बघायला भिंगही लागत नाही. जोडाच्या कडेला रंगाला केसासारखी चीर, तिच्यातून उतरलेला तांबूस ओघळ. ग्रीस भरताना एका निपलमधून जुनं ग्रीस बाहेर न येणं: म्हणजे वाट तुंबली, आणि त्या पिनला वर्षभर ग्रीस मिळालेलं नाही, पाणी मात्र मिळालंय. जिरलेलं पाणी बाहेर जायची भोकं रंगानं बुजलेली. बुशिंग फिरून त्याच्या कॉलरखाली रंग घासलेला. प्रेशर वॉशरची धार थेट जोडावर धरणं हा आपल्याकडे आवडता उद्योग. त्यानं ग्रीस जातं आणि पाणी आत बसतं. आणि ओरखडा: बूट, जॅक किंवा साखळी लागून रंग-कॅडमियम दोन्ही निघालेली जागा, ‘पुढच्या चेकला टच-अप करू’ असं म्हणून सोडलेली.

शॉपमधून निघण्याआधीची शेवटची पायरी कंटाळवाणी आहे. सिलिंडर तयार, मापं बरोबर, बाहेरचा रंग ताजा. आता प्रत्येक भोकाच्या आत छोटा आरसा आणि दिवा घालून, नाही तर बोरस्कोपनं (भोकात घालून आत बघायच्या बारीक नळीनं), थर सगळीकडे बसलाय का ते बघायचं. टाकीत प्लेटिंग होताना करंट बाहेरच्या कडांवर गर्दी करतो आणि खोल, अरुंद भोकात पोचायला कचरतो. भोकात वेगळा अॅनोड सोडला नसेल तर तिथं थर विरळ किंवा शून्य. मापासाठी लावलेली मास्किंग टेप काढताना एक तुकडा आत राहिला असेल तर त्याच्याखालीही शून्य. कॅडमियमवर क्रोमेटचा हलका सोनेरी झाक असलेला थर असतो, त्यामुळे उघडं पोलाद आरशात वेगळं दिसतं, पण कुणी बघितलं तर. दिसलं तर ब्रशनं जागच्या जागी कॅडमियम चढवता येतं, ठरल्याप्रमाणे पुढची प्रक्रिया करता येते, मग प्रायमर, मग गंजरोधक मेण. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बसवायचा तो त्यानंतर, आणि टॉर्क देऊन तार बांधली की त्या भोकात पुढची आठ-दहा वर्षं कुणी डोकावत नाही.